जुने नाट्यगृह की नवे? व्हीलचेअरवरून नाटकाला जाणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

एकाच नाटकाचे प्रयोग एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या नाट्यगृहांत लागलेले असले, तर बहुतेक प्रेक्षक तारीख, अंतर आणि तिकिटाचा दर पाहून निर्णय घेतात. व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रेक्षकाला मात्र आधी इमारत निवडावी लागते, आणि ही निवड दिसते तितकी सरळ नसते. ज्या इमारतीत लिफ्ट, उतार आणि राखीव जागा आहेत तिथल्या माणसांना त्या सोयी कशा वापरायच्या हेच ठाऊक नसते, असे घडते. आणि ज्या इमारतीच्या दारातच पाच पायऱ्या आहेत तिथला डोअरकीपर वर्षानुवर्षे व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांना बिनधोक आत नेत आलेला असतो, असेही घडते. मी स्वतः हातांनी चालवायची व्हीलचेअर वापरते, एका बाजूने आधार मिळाला तर तिच्यातून दुसऱ्या आसनावर सरकू शकते, आणि बरीच वर्षे या दोन्ही प्रकारच्या नाट्यगृहांत नाटके पाहत आले आहे. पुढची तुलना कोणत्याही दोन विशिष्ट वास्तूंची नसून या दोन प्रकारांची आहे: अडचणीची इमारत आणि जाणती माणसे असलेले जुने नाट्यगृह एका बाजूला, सोयीची इमारत आणि नवखी माणसे असलेले नवे नाट्यगृह दुसऱ्या बाजूला.

तुलनेसाठी मी एक कसोटी वापरते. नाटक रंगात आलेले असताना मला काही कारणाने बाहेर जावेसे वाटले, तर मी कोणाची वाट न पाहता जाऊ शकेन का? ‘आत जाता येते का’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो, कारण प्रयोगाच्या आधी सगळे कर्मचारी दारात उभे असतात आणि त्या घटकेला मदतीची वाण कुठेच नसते. पहिला अंक सुरू होऊन अर्धा तास उलटला, अंधार झाला आणि कर्मचारी पांगले, की त्या नाट्यगृहाची खरी पारख होते.

दारापासून प्रेक्षागृहापर्यंत

जुन्या नाट्यगृहाची अडचण दारातच सुरू होते, आणि तिचे मूळ सध्याच्या व्यवस्थापनाच्या बेफिकिरीत नसून त्या काळच्या बांधणीत असते. गावाच्या मध्यवस्तीत जागा थोडी आणि आसने जास्त हवीत, म्हणून एकोणिसाव्या शतकात तळाची आसने रस्त्याच्या पातळीखाली नेण्याची युक्ती अनेक ठिकाणी वापरली गेली. त्यामुळे वरची बाल्कनी जवळपास रस्त्याच्या पातळीवर आली आणि उत्तम आसनांकडे जाणारा प्रत्येक मार्ग जिन्याचा झाला. लंडनमधील क्रायटेरियन थिएटर १८७४ मध्ये उघडले, ते तर जवळजवळ संपूर्ण जमिनीखाली आहे आणि तिथे वरच्या मजल्यावरील आसनांकडे जातानासुद्धा पायऱ्या उतराव्या लागतात. अशा वास्तूला नंतर रॅम्प जोडणे किती कठीण असते, हे साध्या हिशोबाने कळते. स्वतःच्या हातांनी चढता येईल असा रॅम्प १:१२ पेक्षा तीव्र नसावा, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी मानले जाते. चार पायऱ्या म्हणजे साधारण ६०० मिलिमीटर उंची धरली, तर त्यासाठी ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना खुर्ची थांबवता येईल अशी सपाट जागा लागते ती वेगळीच. रस्त्याला चिकटून असलेल्या दारासमोर इतकी जागा कोठून येणार?

म्हणून जुन्या नाट्यगृहाकडून ‘रॅम्प आहे’ असे उत्तर आले, की मी तो किती लांबीचा आहे हे विचारते. बहुधा ती दोन मीटरची, घडी होणारी ॲल्युमिनियमची फळी असते. एका पायरीवर ती टाकली तर चढ १:१३ इतका सौम्य मिळतो आणि मी एकटीनेही वर जाते. पण तीच फळी चार पायऱ्यांवर टाकली तर चढ जवळजवळ १:३ होतो, आणि तिथे मागून ढकलणाऱ्याचा पाय सरकला तर खुर्ची, मी आणि तो असे तिघेही खाली येऊ. फळी तीच, पण एका ठिकाणी ती सोय असते आणि दुसऱ्या ठिकाणी धोका.

याच दारात जाणत्या माणसाचे मोल कळते. एका जुन्या नाट्यगृहात पाच पायऱ्या होत्या आणि रॅम्प नव्हता. तिथले वयस्क डोअरकीपर माझ्यासमोर येऊन किंचित वाकले आणि सोबतच्या माझ्या बहिणीला नव्हे, मलाच विचारले, ‘‘ताई, उलटी नेऊ की सरळ? तुम्हाला सवय कशाची?’’ मी उलटी म्हटल्यावर त्यांनी खुर्ची फिरवून मोठी चाके पहिल्या पायरीला टेकवली, स्वतः मागच्या मुठी धरल्या आणि पुढे उभ्या केलेल्या तरुण मुलाला बजावले, ‘‘फूटरेस्टला हात लावायचा नाही, तो हातात येतो. खालची दांडी धर.’’ प्रत्येक पायरीला ‘आता’ म्हणत, पायरीच्या कडेवरून चाक वळवत त्यांनी खुर्ची वर घेतली. एकदाही ती पूर्णपणे उचलली नाही. हातांनी चालवायची व्हीलचेअर नेण्याची बरोबर पद्धत हीच आहे, आणि ती त्यांनी कुठल्या प्रशिक्षणात शिकली होती की अनुभवाने, हे मी विचारले नाही.

पुढच्या खेपेला ते रजेवर होते. चार उत्साही तरुणांनी मला काही कळायच्या आत हातांच्या दांड्यांना धरून खुर्ची अधांतरी उचलली, आणि तिसऱ्या पायरीवर उजवी दांडी खोबणीतून निसटून एकाच्या हातात आली. कोणाला इजा झाली नाही, पण त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली: त्या नाट्यगृहाची सोय म्हणजे नाट्यगृहाची व्यवस्था नव्हती, एका माणसाचे कसब होते, आणि तो माणूस रजेवर गेला की सोयही रजेवर जात होती.

नव्या नाट्यगृहाच्या दाराबद्दल लिहिण्यासारखे फारसे नसते, आणि ते तसे नसणे हेच त्याचे यश. रस्त्यापासून लॉबीपर्यंत एकच पातळी, किमान ८१५ मिलिमीटर मोकळी रुंदी देणारी दारे, खुर्ची पूर्ण फिरवण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाची जागा, आणि लॉबीतून प्रेक्षागृहाच्या पातळीवर नेणारी लिफ्ट. घोटाळा होतो तो बहुधा या शेवटच्या टप्प्यात. चार-सहा पायऱ्यांच्या अंतरासाठी नेहमीच्या लिफ्टऐवजी अनेक ठिकाणी उघडी प्लॅटफॉर्म लिफ्ट बसवलेली असते. तिचे बटण वर पोहोचेपर्यंत दाबून धरावे लागते, वेग अगदी कमी असतो आणि लहान मुलांनी खेळू नये म्हणून ती किल्लीने बंद ठेवलेली असते. एका नव्या, देखण्या नाट्यगृहात तिसरी घंटा झाली तेव्हा मी अशाच लिफ्टच्या फाटकासमोर होते. किल्ली ज्या पर्यवेक्षकांकडे होती ते जेवायला गेले होते, त्यांचा फोन लागत नव्हता आणि उपस्थित कर्मचारी अतिशय नम्रपणे ‘दोन मिनिटे’ म्हणत होते. लॉबीतल्या ध्वनिक्षेपकावरून रंगमंचावरचे संवाद ऐकू येत होते. प्रेक्षागृहातला पहिला मोठा हशा मी ऐकला, पण तो कशावर आला हे मला आजही माहीत नाही.

या दोन प्रसंगांत माझ्या मते एक महत्त्वाचा फरक आहे. पाच पायऱ्या ऐनवेळी कोणी हलवू शकत नाही, पण किल्ली आधी फोन करून हलवता येते. त्याच नव्या नाट्यगृहात पुढच्या वेळी मी दोन दिवस आधी बोलून त्या संध्याकाळी कामावर असणाऱ्या व्यवस्थापकांचे नाव विचारून घेतले, मी किती वाजता पोहोचेन ते सांगितले, आणि गेले तेव्हा लिफ्टचे फाटक उघडे होते.

आसन: स्वतःच्या खुर्चीत की त्यांच्या?

नव्या नाट्यगृहात बहुधा आपल्या व्हीलचेअरमध्येच बसून नाटक पाहता येते, जुन्यात बहुधा वाटेकडेच्या आसनावर सरकावे लागते. हा फरक वरवर किरकोळ दिसत असला, तरी निर्णय यावरच ठरावा इतका तो मोठा आहे.

स्वतःच्या खुर्चीत बसण्यासाठी किती जागा लागते याचे आकडे हाताशी असलेले बरे. अमेरिकेतील २०१० च्या सुगम्यतेच्या मानकांप्रमाणे एका व्हीलचेअरसाठी ९१५ मिलिमीटर रुंद जागा लागते. पुढून किंवा मागून शिरायचे असेल तर तिची खोली १२२० मिलिमीटर आणि बाजूने शिरायचे असेल तर १५२५ मिलिमीटर हवी. तिथे जमीन सपाट हवी, म्हणजे उतार १:४८ पेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक जागेला लागून सोबत्याचे एक आसन हवे. आसनसंख्येनुसार अशा जागा किती असाव्यात तेही त्यात ठरलेले आहे: ३०० आसनांना किमान ५, ५०० आसनांना ६ आणि १००० आसनांना १०. आपण ज्या नाट्यगृहात जाणार तिथे हा नियम लागू असो वा नसो, मापपट्टी म्हणून तो उपयोगी पडतो. पाचशे आसनांच्या प्रेक्षागृहात ‘एक जागा आहे, पण ती आज गेली’ असे उत्तर मिळाले, तर ती सोय नावापुरतीच आहे हे ओळखावे.

सपाट जमिनीची अट मला सुरुवातीला कागदी वाटायची. मग एका प्रेक्षागृहात मला आसनांच्या ओळीशेजारी, उतरत्या जमिनीवर ब्रेक लावून बसवण्यात आले. पहिली दहा मिनिटे काही जाणवले नाही. त्यानंतर शरीर कणाकणाने पुढे घसरू लागले, पायांचा सगळा भार फूटरेस्टवर आला, आणि अडीच तासांत मी किती वेळा दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःला मागे ओढले याची गणती नाही. पाठीचा कणा किंवा कमरेखालची संवेदना बाधित असलेल्या व्यक्तीसाठी ही केवळ गैरसोय राहत नाही, कारण सतत घासल्या जाणाऱ्या कातडीला जखम होते आणि ती लवकर लक्षातही येत नाही.

आसनावर सरकण्याचे फायदेही आहेत, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आपण इतर प्रेक्षकांच्या ओळीत, त्यांच्याच उंचीवर बसतो, मागच्याची दृष्टी अडत नाही, शेजारी आपली माणसे असतात आणि रंगमंच मधोमध दिसतो. नव्या नाट्यगृहांत राखीव जागा बऱ्याचदा अगदी मागे किंवा कोपऱ्यात काढलेल्या असतात. मात्र आसनावर सरकण्यासाठी आसनाचा हात वर उचलला जाणारा किंवा काढता येणारा हवा, आसनाची उंची आपल्या खुर्चीच्या जवळपास हवी आणि दाब कमी करणारी आपली गादी त्या आसनावर नीट बसायला हवी. अनेक जुन्या प्रेक्षागृहांत आसनांचे हात लोखंडी चौकटीत कायमचे बसवलेले असतात, म्हणजे सरकायचे ते हातावरून. मोठ्या प्रेक्षागृहांचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात मधली वाटच नसते: १८७६ मध्ये उघडलेल्या जर्मनीतील बायरॉइटच्या ऑपेरागृहात पंख्याच्या आकारात सलग लांब ओळी मांडल्या गेल्या आणि पुढे ती मांडणी अनेकांनी उचलली. अशा ठिकाणी ‘वाटेकडेचे आसन’ म्हणजे भिंतीकडेचे आसन, आणि तिथून रंगमंच तिरका दिसतो. तिकीट काढण्याआधी आसनांचा नकाशा पाहावा तो याचसाठी.

आसनावर सरकल्यावर व्हीलचेअर कुठे जाते, हा माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. ती सामानाच्या खोलीत गेली, तर त्या अडीच तासांपुरते मी माझे पाय दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले असतात. पाच पायऱ्यांवर मला नेणाऱ्या त्या डोअरकीपरांनी खुर्ची माझ्या ओळीजवळच्या दाराबाहेर, पडद्याआड ठेवली, तिच्यावर आसनक्रमांकाची चिठ्ठी लावली आणि ‘‘मध्येच उठायचं झालं तर हात वर करा, मी याच दाराशी असतो’’ असे सांगून गेले. माझ्या कसोटीवर तो पूर्ण उतरणारा बंदोबस्त नव्हता, पण बराच जवळ जाणारा होता. दुसऱ्या एका ठिकाणी मध्यंतरात खुर्ची मागितली तेव्हा ती कोणी कुठे ठेवली हे कोणालाच सांगता येईना, आणि ती सापडेपर्यंत दुसऱ्या अंकाची घंटा झाली होती.

नव्या नाट्यगृहातल्या राखीव जागेचाही एक रोग आहे: ती रिकामी दिसते म्हणून तिचा उपयोग होत राहतो. मला तिथे कॅमेऱ्याचा तिकाटणा उभा केलेला आढळला आहे, ध्वनिक्षेपकांच्या पेट्या आढळल्या आहेत आणि एकदा तर जादा प्रेक्षकांसाठी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर एक अख्खे कुटुंब बसलेले आढळले आहे. अशा वेळी कर्मचारी जाणता असेल तर दोन मिनिटांत जागा मोकळी होते. नसेल तर ‘आज जरा ॲडजस्ट करा’ असे म्हणत आपल्याला वाटेत उभे केले जाते.

वाटेत उभे राहू न देणारा कर्मचारी

इथे एका गैरसमजाची दखल घ्यायला हवी. व्हीलचेअर वाटेत लावू न देणाऱ्या कर्मचाऱ्याला आपण चटकन निष्ठुर ठरवतो आणि ‘राहू द्या हो’ म्हणणाऱ्याला भला. माझे मत याच्या नेमके उलट आहे. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या प्रयोगात आग लागली आणि त्यात सहाशेहून अधिक माणसे मेली. प्रेक्षागृह क्षमतेपेक्षा जास्त भरलेले होते, वाटांमध्येही लोक उभे होते आणि बाहेर पडण्याची कित्येक दारे बंद होती किंवा कशी उघडायची हे लोकांना कळले नाही. नाट्यगृहांतील वाटा मोकळ्या ठेवण्याची आणि दारे बाहेरच्या बाजूला उघडण्याची शिस्त अशाच दुर्घटनांनंतर घट्ट होत गेली. वाटेतली व्हीलचेअर मागच्या शंभर जणांचा रस्ता अडवते, आणि गोंधळात सर्वांत आधी उलटते तीही तीच.

म्हणून चांगल्या कर्मचाऱ्याकडून मला वाटेतली जागा नको असते. आग लागली तर मला बाहेर कसे काढणार, याचे उत्तर हवे असते. या बाबतीत नवी इमारत निर्विवाद पुढे आहे, पण तिथेही प्रश्न विचारावाच लागतो. आगीत साधी लिफ्ट वापरायची नसते, तेव्हा जिच्या भरवशावर आपण वर आलो ती लिफ्ट नेमकी त्याच वेळी बंद असणार. चांगल्या इमारतीत जिन्यालगत, आग आणि धूर काही काळ थोपवणाऱ्या भिंती-दारांच्या आड थांबण्याची संरक्षित जागा असते, तिथून नियंत्रण कक्षाशी बोलण्याची सोय असते आणि जिन्यावरून घसरत उतरणारी खास सुटका-खुर्ची टांगलेली असते. ती खुर्ची चालवायला शिकलेला माणूस त्या वेळी कामावर असेल तरच तिचा उपयोग. आणि आपल्या व्हीलचेअरमधून तिच्यात सरकावे लागते, ही गोष्ट ज्यांना सरकता येत नाही त्यांनी आधीच बोलून ठेवलेली बरी. जुन्या इमारतीत हाच प्रश्न विचारला की उत्तर बहुधा ‘आम्ही उचलून नेऊ’ असे येते. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण सातशे माणसे एकाच दाराकडे धावत असताना चौघांनी एका खुर्चीला धरून पाच पायऱ्या उतरणे कितपत शक्य आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. जुन्या नाट्यगृहात दाराशी सर्वांत जवळचे, बाहेर थेट सपाट जागा असलेले आसन मिळत नसेल, तर मी ते नाट्यगृह निवडत नाही.

स्वच्छतागृह

याबाबत थोडक्यात. माणसांची सगळी मदत इथे संपते आणि इमारत एकटीच उरते, त्यामुळे जुन्या नाट्यगृहात हे जमत नसेल तर डोअरकीपर कितीही भला असला तरी उपयोग नाही. दार आतून लावून घेता येते का, खुर्ची आत फिरते का, भांड्याच्या निदान एका बाजूला खुर्ची उभी करण्याइतकी मोकळी जागा आहे का आणि आधाराची दांडी भिंतीत पक्की बसवलेली आहे का, एवढे चार प्रश्न पुरतात. नव्या इमारतींत हे सगळे असते, पण दार उघडल्यावर आत बादल्या, झाडू आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या दिसण्याचा अनुभव इतक्यांदा आला आहे, की पोहोचल्यावर सर्वांत आधी मी तेच दार उघडून पाहते. तीन तास पाणी न पिता नाटक पाहणे हा काही उपाय नव्हे, जरी आपल्यापैकी पुष्कळजण तो वर्षानुवर्षे करत आले असले तरी.

तिकीट

तिकिटाच्या बाबतीत जुने आणि नवे असा ठाम भेद करता येत नाही. नव्या नाट्यगृहाच्या ऑनलाइन नकाशावर व्हीलचेअरचे चिन्ह दिसते, पण त्यावर बोट ठेवले की ‘कार्यालयाशी संपर्क साधा’ असा संदेश येतो. जुन्यात मुळात चिन्हच नसते, पण बुकिंगच्या खिडकीवरचा माणूस ‘डी ओळीत कडेचे देतो, तिथला हात निघतो’ असे स्वतःहून सांगतो. काय अपेक्षा ठेवावी यासाठी पुन्हा अमेरिकेतले नियम पाहण्यासारखे आहेत: व्हीलचेअरच्या जागांची तिकिटे इतर तिकिटांच्याच वेळेत आणि त्याच मार्गांनी विकली गेली पाहिजेत, त्यांचा दर त्याच विभागातील इतर आसनांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि उपलब्ध असतील तर त्याच ओळीत लगतची आणखी तीन तिकिटे घेता आली पाहिजेत. ही शेवटची अट कोणी जाणत्याने लिहिली असावी. ‘एक व्हीलचेअर आणि एक सोबती’ या हिशोबामागे व्हीलचेअरवरची व्यक्ती नेहमी एखाद्या मदतनीसाबरोबरच येते असे गृहीत धरलेले असते. ती आई-वडील आणि मुलांसह चौघांत येऊ शकते, हे त्या हिशोबात बसत नाही. सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या ३० व्या कलमात नमूद आहे; त्यातील ‘बरोबरीने’ या शब्दात ओळीतल्या त्या चार आसनांचाही समावेश व्हायला हवा, असे मला वाटते.

कोणी काय निवडावे

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. नवे नाट्यगृह घ्यावे. अशी खुर्ची पुष्कळदा शंभर किलोच्या वर असते, बसलेल्या माणसासह तिचे वजन पावणेदोनशे किलोच्या घरात सहज जाते, आणि ती पायऱ्यांवरून उचलण्याचा प्रयत्न कोणी करत असेल तर त्याला थांबवणे हेच आपले काम. प्लॅटफॉर्म लिफ्ट किती किलो उचलते आणि तिचा पाळणा किती लांब आहे, हे मात्र नव्या नाट्यगृहातही विचारून घ्यावे.

एकटे जाणाऱ्यांनीही नवेच निवडावे, असे माझे मत आहे. मदतीला माणसे आहेत म्हणून जुन्या ठिकाणी एकटे जाता येईल, असा विचार मी काही काळ करत होते. पण ओळखीच्या नसलेल्या माणसाला दर वेळी नव्याने समजावून सांगत, त्याचे आभार मानत आणि त्याच्या सवडीने हलत संध्याकाळ काढली, की नाटकासाठी मन शिल्लक राहत नाही. यात मदत करणाऱ्याचा दोष नाही. लिफ्टचे बटण दाबताना कोणाला धन्यवाद द्यावे लागत नाहीत, इतकाच मुद्दा आहे.

हलकी खुर्ची, आसनावर सरकण्याची सवय आणि सोबत खुर्ची हाताळू जाणणारे कोणी असेल, तर जुने नाट्यगृह जरूर विचारात घ्यावे, आणि नवे गैरसोयीच्या कोपऱ्यात बसवत असेल तर तेच निवडावे. जुन्या प्रेक्षागृहांत रंगमंच जवळ असतो, नटाचा आवाज यंत्राविना पोहोचतो, आणि चौथ्या ओळीत कडेला बसून पाहिलेले नाटक शेवटच्या ओळीमागच्या सपाट चौकोनातून पाहिलेल्या नाटकापेक्षा निश्चितच जास्त पोहोचते. व्हीलचेअर फक्त अंतर कापण्यासाठी वापरणारे, थोडे चालू शकणारे ज्येष्ठ प्रेक्षक याच गटात येतात; त्यांच्यासाठी कठडा धरून चढण्याच्या पाच पायऱ्या आणि हात देणारा माणूस हे गणित बऱ्याचदा जमते.

दोन्हींमध्ये मन दोलायमान असेल, तर फोन करावा आणि ‘व्हीलचेअरची सोय आहे का’ हा प्रश्न मात्र विचारू नये, कारण त्याचे उत्तर सगळीकडे ‘हो’ असेच येते. रस्त्यापासून आसनापर्यंत पायऱ्या किती, असे विचारावे. ‘पायऱ्या नाहीत, एकच आहे’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की न चढता येणाऱ्या माणसाला एक आणि दहा यांत फरक नसतो हे आता फोनवर आपोआप माझ्या तोंडून निघते. त्यानंतर लिफ्टची किल्ली कोणाकडे असते ते विचारावे, आणि शेवटी ‘तुमच्याकडे व्हीलचेअरवरचा प्रेक्षक शेवटचा कधी आला होता’ असे विचारावे. ‘मागच्या रविवारी दोघे होते, एक जण बी दारातून आले’ असे उत्तर आले तर ती माणसे जाणती आहेत. फोनवर शांतता पसरली आणि मग ‘आम्ही सगळी मदत करू’ असे आश्वासन आले, तर इमारतीचा भरवसा असल्याशिवाय जाऊ नये.

निघण्याच्या वेळेचा हिशोबही तिकीट काढतानाच करून ठेवावा. जुन्या नाट्यगृहात पायऱ्यांवरची गर्दी ओसरल्याशिवाय खुर्ची उतरवता येत नाही, आणि नव्यात एकच लिफ्ट असते, तिच्यासमोर व्हीलचेअरबरोबर काठी टेकत आलेले, बाळगाडी घेतलेले आणि नुसतेच दमलेले असे सगळेजण रांगेत उभे असतात. मी परतीची गाडी सांगताना पडदा पडण्याची वेळ विचारते आणि तिच्यात पंचवीस मिनिटे मिळवते.